मोहाच्या दिवसांतली तोंडी परीक्षा

एप्रिल लागला की आमच्या कॉलेजच्या परीक्षेच्या खोल्यांत मोहाचा वास येतो. आवारात मोहाचं झाड एकही नाही. वास येतो तो मुलांच्या हातांना. झुंजूमुंजू व्हायच्या आत उठायचं, आयसबरोबर, म्हणजे आईबरोबर, झाडाखाली पडलेला मोह वेचायचा, टोपली अंगणात पालथी करायची, तोंडावर पाणी मारायचं आणि मिळेल त्या जीपला लटकून जव्हार गाठायचं. अशा बोटांचा तो गोड, किंचित आंबूस वास दुपारपर्यंत जात नाही. उत्तरपत्रिकांनाही लागतो. मी इथं भूगोल शिकवते आणि तपासायला घेतलेली उत्तरपत्रिका आधी हुंगते. घरचे हसतात. हसोत बापडे.

यंदाही परवा पर्यवेक्षणाला उभी होते. खिडकीबाहेर उतारावर कुणीतरी भाताच्या रोपांसाठी राब भाजत होतं, निळा धूर आडवा पसरत होता. कोशिंबाला तांबडी पालवी फुटलेली. किरकिऱ्यांनी असा गजर लावला होता की घंटा झाली तरी कळू नये. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा पेन हातात धरूनच पेंगत होता. त्याला उठवताना मला वाईट वाटलं. पहाटेपासून कंबरेत वाकून आलेलं पोर ते. शहरात उन्हाळा म्हणजे सुट्टी. आमच्याकडे वर्षातली सगळी कामं याच दिवसांत एकमेकांच्या अंगावर येऊन पडतात, आणि त्यात ही परीक्षा.

मोहाचा वास आला की मला प्रमिला आठवते. ती आता इथं नाही, आणि त्याबद्दल मला आनंदच आहे. पण तिच्या शेवटच्या वर्षाचा उन्हाळा काही मनातून जात नाही.

प्रमिलाला जन्मापासून ऐकू येत नाही. तिचा पाडा मोखाड्याच्या पुढे, जीप जिथं थांबते तिथून खाली उतरून जावं लागतं असा. मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा मनाची तयारी करूनच गेले होते: मुकी पोर, बिचारे आईबाप, वगैरे. आमच्यासारख्यांच्या डोक्यात असलं सामान आधीच भरलेलं असतं. उतारावरून जाताना दिसलं की ओहोळाच्या अलीकडची एक बाई पलीकडच्या बाईशी हातांनी बोलते आहे. तळहात पोटाशी गोल फिरवला, मग बोट रस्त्याकडे. पलीकडचीनं दोन्ही हात झटकले. मी वाट दाखवायला आलेल्या मुलीला विचारलं, या दोघींना ऐकू येत नाही का?

"येतं की," ती म्हणाली. "पण इतक्या लांब वरडायचं कशाला? टँकर आला काय इचारते ती."

प्रमिलाच्या आज्याचा भाऊ मुका होता. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण त्याच्यासाठी पाड्यानं केलेलं हातांचं बोलणं मागं राहिलं. कुणी शिकवलं नाही, कुणी शिकलं असंही वाटत नाही. भात लावताना, लाकडं आणताना, सासू जवळ बसलेली असताना जे बोलायचं नसतं ते बोलताना, सगळे हात वापरतात. प्रमिला जन्मली तेव्हा तिची भाषा तयारच होती. "आमची मुकी" असं तिची आयस म्हणाली आणि मी आतल्या आत चरकले. पण ती ज्या सुरात म्हणाली तो "आमची धाकटी" म्हणावं तसाच होता. पाड्यावर तिचं काही अडत नव्हतं. ती भांडत होती, थट्टा करत होती, लहान पोरांना दटावत होती. जीपमध्ये बसताना ती नुसती प्रमिला होती. कॉलेजच्या फाटकात उतरली तेव्हा दिव्यांग झाली.

बारावीपर्यंत पाड्यावरचीच एक मैत्रीण आश्रमशाळेत तिच्या बाकावर बसायची. गुरुजी बोलायचे, मैत्रीण हातांनी सांगायची, त्यातलं निम्मं स्वतःच्या मनचं असायचं म्हणे. मैत्रिणीचं लग्न झालं आणि प्रमिला एकटीच जव्हारच्या मुलींच्या वसतिगृहात आली. त्याच सुमाराला कॉलेजातलं विद्यार्थी कल्याणाचं काम माझ्या गळ्यात पडलं. हे काम कुणाला हवं असतं म्हणून मिळत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला मिळतं.

पहिले काही दिवस मी तिच्यासाठी काय करावं याचा फार विचार केला आणि केलं काहीच नाही. सुरुवात तिनंच केली. मला फळ्याकडे तोंड करून बोलायची खोड. एकदा मी अशीच नद्यांची नावं फळ्यालाच सांगत होते, तर मागून बाकावर जोरात थाप पडली. वळून पाहते तो प्रमिला. तिनं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि मग माझ्याकडे दाखवलं: तोंड इकडे. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण पुढच्या आठवड्यात मागच्या बाकांवरची मुलं, जी एरवी माना खाली घालून बसायची, ती मधूनच शंका विचारायला लागली. त्यांनाही इतके दिवस माझं अर्धंच ऐकू येत होतं. आता मी फळ्याशी बोलत नाही.

वसतिगृहात ऐकू न येण्याचा फायदा तिला परीक्षेच्या दिवसांत कळायचा. पंचवीस मुली व्हरांड्यात येरझाऱ्या घालत मोठमोठ्यानं पाठ करतायत आणि ही मधोमध बसून निवांत वाचते आहे. मुलींनी तिची बोली हळूहळू उचलली. जेवण, आंघोळ, गृहपालबाई आल्या, हे आधी. मग चहाड्या. दुसऱ्या वर्षी तर हे हात भलत्याच कामाला लागले. परीक्षेच्या खोलीत दोन मुली एकमेकींकडे न बघता केस सारखे करत, नाक खाजवत, ओढणी ओढत बसल्या होत्या. बाहेरून आलेल्या पर्यवेक्षकांना वाटलं, उकडतंय. मला तोवर थोडंफार कळायला लागलं होतं. तिथं खडकांचे प्रकार सांगितले जात होते, आणि तेही चुकीचे. मी दोघींच्या जागा बदलल्या आणि बाहेर जाऊन पोटभर हसले. माझ्या खात्यात कल्याणाचं एवढं यश आधी जमा झालेलं नव्हतं.

घोडं अडलं ते शेवटच्या वर्षी. आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला प्रत्येकानं आपापल्या गावात पाहणी करून प्रकल्प करायचा असतो आणि त्यावर बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षा घेतात. प्रमिलानं पाड्याच्या उन्हाळ्यातल्या पाण्यावर काम केलं होतं: विहीर कधी तळाला जाते, ओहोळात खणलेल्या डवऱ्यांना किती पाणी सुटतं, कुठल्या घरच्या बायका कुठं जातात आणि का. नकाशे सुरेख काढलेले. फक्त तोंडी परीक्षा द्यायची कशी?

आमचे विभागप्रमुख मनानं फार मऊ. ते म्हणाले, "तिला तोंडीतून सूट देऊ. लेखीच्या सरासरीनं गुण भरू. पोरीला उगाच ताप नको." खोलीतल्या सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही वाटलं. मी ती आनंदाची बातमी प्रमिलाला फळ्यावर लिहून दाखवली. तिनं वाचली. मग खडू घेऊन खाली लिहिलं: "सूट नको. मला पण विचारा."

मराठी तिची तिसरी भाषा. हात पहिले, पाड्याची बोली ओठांवरून वाचलेली, आणि मराठी फक्त पुस्तकातली. त्यामुळे ती लिहिते तेव्हा शब्द मोजकेच असतात आणि त्यांना हुज्जत घालता येत नाही. मी तिला समजावलं, सूट घेतली तरी गुण चांगलेच मिळतील. तिनं "विचारा" या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. पाण्याच्या पाहणीसाठी ती चैत्राच्या उन्हात घरोघर फिरली होती, आणि त्याबद्दल तिला कुणी एक प्रश्नही विचारणार नव्हतं. हे तिला सोसवत नव्हतं.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. सवलत द्यायला सोपी असते. ती देताना आपल्याला जागचं हलावं लागत नाही, काही शिकावं लागत नाही, वर चांगुलपणाचं समाधान मिळतं ते वेगळंच. समोरच्या माणसाला नेमकं काय हवंय ते विचारायचं म्हणजे मात्र घाम निघतो.

नियमांत दुभाष्याची सोय होती. ती वाचायची वेळच आमच्यावर कधी आली नव्हती. शोधाशोध करून ठाण्याहून एक दुभाषी मिळाली. स्नेहल नाव, वय प्रमिलाएवढंच असेल. एसटीनं घाट चढून आली, आल्या आल्या हात धुतले आणि प्रमिलासमोर बसून बोलू लागली. तिचे हात इतके सफाईनं चालत होते की आम्ही सगळे प्राध्यापक टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. प्रमिलानं सगळं नीट पाहिलं, मान डोलावली आणि माझ्याकडे वळून विचारलं, ही बाई काय म्हणते?

देशभर शिकवली जाते ती खुणांची भाषा वेगळी आणि पाड्याची वेगळी. आम्हाला वाटलं होतं, हात म्हणजे हात. भूगोलाच्या माणसांनी, बोली बारा कोसांवर बदलते हे येता-जाता सांगणाऱ्यांनी, ही चूक करावी याला काय म्हणावं? स्नेहल मात्र शहाणी निघाली. ती म्हणाली, "मॅडम, हिला भाषा नाही असं समजू नका. भरपूर आहे, पण ती मला येत नाही. हिच्या गावचं कुणीतरी आणा. आणि दुभाष्याला परीक्षकांच्या शेजारी बसवा, म्हणजे ती उत्तर देताना परीक्षकांकडे बघेल." मुक्काम वाढवून ती प्रमिलाकडूनच शब्द शिकत बसली. मी आत डोकावले तेव्हा दोघी "आई"साठी तुमच्याकडे काय, आमच्याकडे काय, असं करत होत्या.

मग पाड्यावर निरोप. आयस परक्या माणसांसमोर तोंड उघडायची नाही. भाऊ ठाण्याला बांधकामावर. उरली भावाची बायको, यमुना वहिनी. मी गेले तेव्हा ती मोह वाळत घालत होती.

"आता यायचं?" ती म्हणाली. "मोह पडतोय धो धो. माझ्या झाडाखालचा कोन येचील?"

शेजारणीनं वेचून द्यायचं कबूल केलं. मग वहिनीनं पदर खोचत दुसरी शंका काढली. "मला इंग्रजी नाय ना इचारणार?"

"परीक्षा तुमची नाही, वहिनी. प्रमिलाची आहे."

"मंग माझ्या पोटात गोळा कशाला आला?" असं म्हणून ती हसली.

यंदा त्याच प्रमिलाला ठाण्यात शिकताना तिसरं वर्ष लागेल. स्नेहलनंच तिथली वाट दाखवली. देशभरची ती खुणांची भाषा आता तिला येते आणि पुढं ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायचं तिनं ठरवलं आहे. मधूनमधून फोनवर दिसते, बोलते. माझे हात अडखळले की हसते. सुट्टीला घरी येते तेव्हा वहिनीची तक्रार असते: "आमची मुकी आता ठाण्याच्या हातानं बोलते. निम्मं कळत नाय." मग दोघी अंगणात बसून ते निम्मं एकमेकींना समजावतात. पाड्यावरची लहान पोरं ठाण्याचे शब्द आधी उचलतात. मला कधी कधी वाटतं, त्या जुन्या मुक्या आज्याला हे बघायला मिळायला हवं होतं.

त्या उन्हाळ्यात तोंडी परीक्षेच्या दिवशी ऊन लवकर तापलं. परीक्षक किनाऱ्याकडच्या कॉलेजातून आलेले, वयानं मोठे, शिस्तीचे. बाकीची मुलं आत जाऊन घामाघूम होऊन बाहेर येत होती. प्रमिलाची पाळी यायच्या आधी परीक्षक सरांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, माझा विरोध नाही. पण उत्तर कोण देतंय हे मला कसं कळणार? घरचंच माणूस, त्याच पाड्यातलं, विषयही पाड्याचाच. खात्री पटली नाही तर मी तोंडी झाली असं लिहू शकणार नाही. मग तुमची ती सरासरीच भरावी लागेल."

त्यांचं चूक नव्हतं.

स्नेहलनं सांगितल्याप्रमाणे वहिनी टेबलाच्या पलीकडे, परीक्षकांच्या शेजारी बसली. कोरं लुगडं, डोक्यावर पदर, समोर पाण्याचा पेला. क्षणभर तीच परीक्षक वाटली. सर विचारत, वहिनीला अवघड गेलं तर मी सोपं करून सांगे, वहिनी हातांनी प्रमिलाला, आणि मग तोच रस्ता उलटा. पहिल्या दोन प्रश्नांना आमची जीप फारच खडखडली. वहिनी प्रश्न ऐकूनच मान हलवायची, "हां, हे तर मला पन माहीत हाय," आणि मी डोळे वटारले की मग हात हलवायची. सरांच्या कपाळावर आठी दिसायला लागली.

मग त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "वरच्या घरांच्या बायका जवळची विहीर सोडून इतक्या लांबच्या डवऱ्यावर का जातात? विहिरीला तर मेपर्यंत पाणी असतं असं हिनंच लिहिलंय."

प्रमिलाचे हात बराच वेळ चालले. दोर ओढल्यासारखं केलं, दोन बाजू दाखवल्या, मग बोट थेट वहिनीकडे. वहिनी लाल झाली. सरांकडे वळून म्हणाली, "पानी गढूळ हाय."

सरांनी लिहायला पेन टेकवलं. प्रमिला पाहत होती. एवढ्या मोठ्या उत्तराचे तीनच शब्द झाले हे कळायला कान लागत नाहीत. तिनं टेबलावर थाप मारली, मान जोरात हलवली आणि पुन्हा तोच दोर ओढला.

"ते नको सांगू गं," वहिनी पुटपुटली. घाईत तोंडानंच, हात मांडीवर तसेच. मग भान येऊन हातांनीही म्हणाली. आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंनी नणंद-भावजयीचं असं जुंपलं की सर एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले.

"काय चाललंय?"

वहिनीनं पदर पुढं ओढला. "सर, आपलेच दात, आपलेच ओठ. कसं सांगायचं? मागल्या साली विहिरीवर दोरावरून भांडन झालं. वरल्या घरांचं अन् खालल्यांचं. तवापासून आमी नाय जात तिथं."

"आमी म्हणजे? तुम्ही होता भांडणात?"

"मीच व्हते," वहिनी हळूच म्हणाली.

सरांना राहवलं नाही. "दोर कोणाचा होता?"

"आमचाच."

प्रमिलानं तिचे ओठ वाचले असावेत. तिचे हात लगेच उठले.

"ती काय म्हणते?"

वहिनीनं खोल श्वास घेतला. "ती म्हनते, खालल्यांचा व्हता."

सर हसले. इतका वेळ गंभीर बसलेला तो माणूस चष्मा हातात घेऊन हसत होता. मग माझ्याकडे झुकून म्हणाले, "मघाची शंका मागं घेतो, मॅडम." माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलंही नाही. त्यानंतर ते बोलले ते प्रमिलाकडे बघून. वहिनीला नुसतंच ऐकू जात होतं. प्रमिलाही मोकळी झाली. डवऱ्याचं पाणी कसं सुटतं, विहिरीचा तंटा मिटवला तर किती बायकांची पायपीट वाचेल, हे ती सांगत गेली आणि वहिनी, आता गाळण्यासारखं काही उरलंच नसल्यामुळे, सगळं बोलत गेली.

"छान. झालं, ये तू," सर म्हणाले.

प्रमिला उठली नाही. तिनं काहीतरी विचारलं. वहिनीनं ते आम्हाला न सांगताच "चल आता" अशी खूण केली. बाहेर वहिनीची परतीची जीप हॉर्न देत होती. प्रमिलानं पुन्हा तोच प्रश्न केला, यावेळी सावकाश.

"काय विचारतेस?" सरांनी तिच्याकडेच बघत विचारलं.

वहिनी मान खाली घालून म्हणाली, "ती इचारते, आधीच्या पोरांना जेवढं इचारलं, तेवढंच मला इचारलं काय?"

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "नाही," ते म्हणाले. "एक प्रश्न कमी विचारला. वेळ फार लागत होता, म्हणून सोडला."

वहिनीनं ते तसंच्या तसं हातांनी सांगितलं. बाहेर हॉर्न पुन्हा वाजला. प्रमिलानं ओढणी मागे टाकली, खुर्ची पुढं ओढली आणि दोन्ही हात मोकळे करून सरांकडे बघत बसली.